घाटातली अर्धमॅरेथॉन, शाकाहार आणि प्रथिनांचा हिशेब: सल्ला हवा आहे

सातारकरीण:
नमस्कार. माझे वय ३४ वर्षे आणि वजन ५८ किलो आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी मी यवतेश्वर घाटात सराव करते. आठवड्यात चार दिवस मिळून सुमारे ४० किलोमीटर धावणे होते आणि दोन दिवस व्यायामशाळेत पायांचे व्यायाम असतात. आमच्या घरी अंडेसुद्धा शिजत नाही, दूधदुभते मात्र भरपूर आहे. रविवारी लांबचा पल्ला धावून आले की मंगळवारपर्यंत जिना उतरताना कठडा धरावा लागतो. प्रशिक्षकांनी ‘प्रोटीन कमी पडते आहे’ असे सांगून थेट पावडरीचा डबा पुढे केला. माझा पावडरीला विरोध नाही, पण आधी घरच्या ताटाचा हिशेब समजून घ्यावा असे वाटते. सकाळी पोहे किंवा उपमा, डब्यात तीन पोळ्या, भाजी व दही, संध्याकाळी चहा-बिस्किटे, रात्री दोन भाकरी, भाजी, वाटीभर वरण आणि थोडा भात असा माझा आहार आहे.

घाटवाट:
ताई, आहार नेमका लिहिलात हे बरे केलेत, कारण त्यावरून अंदाज बांधता येतो. पोह्यांतून दाण्यांसकट ५ ग्रॅम, डब्यातून १६, चहा-बिस्किटांतून ३ आणि रात्रीच्या जेवणातून २२ ग्रॅम धरली, तर दिवसाची प्रथिने ४६ ग्रॅमच्या आसपास येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी सुचवलेले प्रमाण दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे न धावणाऱ्या माणसाला लागतील तेवढीसुद्धा ती जेमतेमच आहेत. नियमित सराव करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणातील संस्था साधारण १.२ ते २ ग्रॅमचा पल्ला सांगतात. तुम्ही धावण्याबरोबर वजनेही उचलता, म्हणून १.६ ग्रॅम धरावे, म्हणजे दिवसाला सुमारे ९३ ग्रॅम.

एकूण आकड्याइतकीच त्याची वाटणीही पाहावी. एका वेळी दर किलोमागे ०.२५ ते ०.३ ग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी १५ ते १८ ग्रॅम प्रथिने मिळाली की स्नायूंच्या दुरुस्तीला चांगली चालना मिळते, आणि शाकाहारात हा आकडा २० च्या पुढे ठेवलेला बरा. तुमची खरी गळती सकाळी आहे: घाट चढून-उतरून आल्यावर स्नायू मागणी करत असतात आणि आपण त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवतो. त्याऐवजी ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि पेलाभर दूध घेतले, तर २२ ग्रॅम तिथेच होतात. डब्यात ४५ ग्रॅम कोरड्या कडधान्याची घट्ट उसळ वाढवावी. संध्याकाळी बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे-शेंगदाणे, रात्री भाकरीबरोबर ३० ग्रॅम सोयाचंक्स किंवा १०० ग्रॅम पनीर, आणि झोपताना दूध घ्यावे. एवढ्याने तुम्ही नव्वदीच्या जवळ पोहोचाल. वरणाबद्दल मात्र गैरसमज नको. पातळ वाटीभर वरणात २०-२५ ग्रॅमच डाळ असते, म्हणजे प्रथिने ५ ग्रॅम.

भाकरी आणि भात तोडू नका. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन धान्यात कमी असते आणि मेथिओनिन डाळीत, म्हणून दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. शिवाय कर्बोदके अपुरी पडली, तर शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळू लागते.

तालीमवाला:
कोल्हापूरकडचा आहे, म्हणून ‘खुराक’ या शब्दावर थोडा हक्क सांगतो. आमच्याकडे बदामाच्या थंडाईचे एवढे कौतुक आहे की नवशिक्याला वाटते ताकद तिच्यातच आहे. वास्तविक दहा बदामांत प्रथिने अडीच ग्रॅमच असतात आणि स्निग्ध पदार्थ त्याच्या दुपटीहून अधिक. मल्लाला उष्मांक लागतात, त्याला ती चालते. धावणाऱ्याने तिला प्रथिनांच्या खात्यात धरू नये.

दुसरे असे, की जिन्यावरचे दुखणे सगळे प्रथिनांच्या माथी मारू नका. उतारावर मांडीचे स्नायू लांबत असतानाच भार पेलतात, त्यामुळे त्यांची सूक्ष्म झीज अधिक होते आणि दुखणे एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते. यवतेश्वरचा उतार तेवढ्याला पुरेसा आहे! दर रविवारी उतार थोडाथोडा वाढवत नेल्यास स्नायू सरावतात. पूर्ण आहार घेऊनही पहिले काही आठवडे दुखेलच.

पथ्यपाणी:
बेत उत्तम आहे, पण त्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि ब१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे, असे मी सुचवेन. धावणाऱ्या शाकाहारी स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता वारंवार आढळते आणि तिचा थकवा पुष्कळदा ‘प्रोटीन कमी’ या नावाखाली खपून जातो. जेवणाला लागून चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते, तेव्हा दोहोंत तासाभराचे अंतर ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर एवढ्या प्रथिनांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही; तो असल्यास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रमाण वाढवू नये.

सातारकरीण:
सर्वांचे आभार. आज धिरडी करून पाहिली. सासूबाईंनी ‘रोज हेच करत जा’ म्हटल्यामुळे अर्धा प्रश्न सुटला. तपासण्या शनिवारी करते. एक अडचण उरते: रविवारी १६ किलोमीटर धावून आल्यावर दोन तास अन्नावर वासनाच नसते. तेव्हा काय करावे?

घाटवाट:
पावडर उपयोगी पडते ती अशाच वेळी. व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेली प्रथिनांची पावडर; तिच्या एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रथिने असतात आणि ती दुधाचीच असल्याने तुमच्या घरी अडचण येऊ नये. डब्यावर एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक आणि दर मापामागील प्रथिनांचा आकडा पाहूनच घ्यावी. डबा नकोच असेल, तर दोन केळी, २०० ग्रॅम घट्ट दही आणि पेलाभर दूध घुसळून गूळ घालून घोट-घोट प्या. १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने होतात आणि कर्बोदकेही मिळतात. धिरडी मग अकरा वाजता खाल्लीत तरी चालेल.