आईचं पोटॅशियम २.९ आलेलं, आता सिरप पिववत नाही म्हणते, शहाळ्यावर भागेल का?

तासगाव_बागायत
नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, बीपीची गोळी दहा वर्षं चालू. मागच्या आठवड्यात तीन दिवस जुलाब झाले, ते थांबले पण पायात गोळे यायला लागले आणि चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीतनं उठताच येईना, मांड्यांत जीवच नाही म्हणाली. मिरजेला नेलं तर पोटॅशियम २.९, म्हणजे बरंच कमी. दोन दिवस ॲडमिट, सलाईनमधनं पोटॅशियम दिलं, ते इतकं हळू की मी सिस्टरना दोनदा म्हणालो जरा वाढवा की, पण त्यांनी हात लावला नाही. हात जळतोय म्हणून आई रात्रभर कण्हत होती. सुट्टी दिली तेव्हा ३.३ होतं. आता पोटॅशियम क्लोराईडचं सिरप १५ मिली सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, मग परत रक्त तपासायचं. पण आई ते सकाळी चहाच्या आधी टोपणानंच घेते आणि लगेच मळमळतं, काल उलटून पडलं. शेजारचे काका म्हणतात सिरप बंद करा, रोज दोन शहाळी द्या. काय करावं?

औषधदुकान_सांगली
दादा, नुसत्या टोपणानं रिकाम्या पोटी घेतलं तर कुणाचंही पोट जळणारच हो. जेवण झाल्यावर द्या, १५ मिली सिरप निदान अर्ध्या ग्लास गार पाण्यात नीट हलवून, आणि एका दमात नाही, घोट घोट पाच-दहा मिनिटं घेऊन प्यायला सांगा. निम्मे पेशंट काउंटरवर परत येतात ते एवढं कुणी सांगितलेलं नसतं म्हणून, मला याचं फार वाईट वाटतं. तरी झेपलं नाही तर डॉक्टरांना विचारून गोळी मिळते, पण ती हळूहळू विरघळणारी असते, ती फोडायची नाही, चावायची नाही, कुटून मधात तर अजिबात नाही. ग्लासभर पाण्याबरोबर बसून गिळायची आणि लगेच आडवं पडायचं नाही, ती अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम होते.

शहाळ्याचं म्हणाल तर काका अगदी चुकीचे नाहीत. १५ मिली सिरपमध्ये साधारण दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं माप), निव्वळ पोटॅशियम ७८० मिलिग्रॅमच्या आसपास. ग्लासभर शहाळ्याच्या पाण्यात पाच-सहाशे मिलिग्रॅम असू शकतं. पण एका शहाळ्यात पेलाभर निघतं, दुसऱ्यात दोन पेले, हिशोब कसा ठेवणार? शिवाय लघवीच्या गोळीनं पोटॅशियमबरोबर क्लोराईडही जातं आणि ते भरून निघाल्याशिवाय पोटॅशियम नीट टिकत नाही, फळातनं ते फारसं मिळत नाही. म्हणून औषधाचे पाच दिवस पुरे करा. बीपीच्या गोळीचं नाव काय?

तासगाव_बागायत
टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली.

औषधदुकान_सांगली
क्लोरथॅलिडोन म्हणजे लघवीची गोळीच, ती पोटॅशियम बाहेर काढते, त्यात जुलाबाची भर पडली. टेल्मिसार्टन उलट पोटॅशियम धरून ठेवतं. म्हणजे उद्या डॉक्टरांनी क्लोरथॅलिडोन बंद केलं आणि तुम्ही सिरप तसंच चालू ठेवलं तर काटा दुसऱ्या बाजूला जाईल, पोटॅशियम जास्त होईल. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, फक्त विचारा.

कोरेगावची_लेक
हे वाचून राहवलं नाही. माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी हेच सिरप पाच दिवस दिलेलं, बरं वाटलं म्हणून आम्ही ताकदीचं औषध समजून गावातल्या दुकानातनं परत परत आणलं, दीड महिना, कुणीच चिठ्ठी मागितली नाही. त्यात ते हार्टसाठी स्पायरोनोलॅक्टोन घेत होते, तीही पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी, आणि वर बीपीला चांगलं म्हणून कमी सोडियमचं मीठ, ज्यात पोटॅशियम क्लोराईडच असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी ठोके मंद, अंग ढिलं, पोटॅशियम ६.३, म्हणजे फारच जास्त. सॅम्पल खराब असेल म्हणून परत काढलं तरी तेच. वाचले. दादा, आईची क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) केली का? किडनी मंद असेल तर जास्तीचं बाहेरच पडत नाही.

वॉर्ड_सिस्टर_कराड
सलाईन हळू सोडलं त्या सिस्टरचे आभार माना. साध्या वॉर्डात तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर आम्ही सहसा जात नाही, भरभर गेलं तर हृदय बंद पडतं. दुसरं, मॅग्नेशियम बघितलंय का विचारा, ते कमी असलं की कितीही पोटॅशियम द्या, लघवीतनं जात राहतं. आणि मावशी घरात काही काढा घेतात का? ज्येष्ठमध रोज पोटात जात असेल तर त्यानंही पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. छातीत धडधड, चक्कर, पुन्हा पायातलं बळ गेलं तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, सरळ घेऊन या.

तासगाव_बागायत
ताई, तुम्ही म्हणालात म्हणून आईला विचारलं. खोकल्यासाठी दिवाळीपासून रोज दोनदा ज्येष्ठमधाचा काढा चालू होता, चुलीमागच्या डब्यात काड्या सापडल्या. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी काढा बंद करायला सांगितला. सिरप जेवणानंतर गार पाण्यात दिलं, तोंड वाकडं करते पण पोटात टिकतंय.

तासगाव_बागायत
सहाव्या दिवशीचा रिपोर्ट आला. पोटॅशियम ४.१, क्रिएटिनिन ठीक, मॅग्नेशियम थोडं कमी, त्याची गोळी दिली. बीपीची गोळी बदलली, सिरप बंद, दहा दिवसांनी परत रक्त. आज आई एकटी बेदाण्याच्या शेडपर्यंत चालत गेली. सिरप अजून पाऊण बाटली उरलंय, लागलं तर असावं म्हणून ठेवू का?

कोरेगावची_लेक
नका ठेवू दादा. आमची पण अशीच फडताळात उरलेली होती.