'विसरले' की 'आठवलं नाही'? ऐन परीक्षेत ब्लँक होण्याला शब्द हवाय

परवा भाचीची तोंडी परीक्षा होती. घरी आली ती रडतच, मावशी मी सगळं विसरले गं, आणि चप्पल काढता काढता तीच उत्तरं धडाधड म्हणून दाखवली. मग विसरली कुठे? 'विसरले' म्हटलं की गोष्ट डोक्यातून गेली आणि चूकही माझ्याच पदरात. 'मला आठवलं नाही' म्हटलं की गोष्ट आत आहे, फक्त वर येत नाहीये.

आणि हा फरक नुसता व्याकरणातला नाहीये. 1998 मध्ये 'नेचर'मध्ये द क्वेर्वेन, रूझेंडाल आणि मॅकगॉ यांचा उंदरांवरचा प्रयोग आला होता. पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठे आहे ते उंदरांना आधी शिकवलं, मग चाचणीच्या आधी पायाला हलका शॉक. 2 मिनिटं आधी शॉक बसलेले नीट पोचले, 4 तास आधीचेही पोचले, 30 मिनिटं आधीचे मात्र चाचपडत राहिले. ताणाचं संप्रेरक तयारच होऊ दिलं नाही तेव्हा तेही अडले नाहीत!! म्हणजे आठवण शाबूत होती.

पुस्तकात आठवण वर येण्याला 'पुनःप्राप्ती' म्हणतात, पण काही गमावलंच नव्हतं तर परत काय मिळवायचं? ती अशी वर येत नाही त्याला नीट शब्द सुचवा ना कुणी.

प्रतिसाद: 30 मिनिटांचं कारण सांगतो. ताण आला की अ‍ॅड्रिनलिन लगेच उसळतं पण कॉर्टिसॉल, म्हणजे वर म्हटलेलं ताणाचं संप्रेरक, चढायला साधारण 20-30 मिनिटं घेतं. मेंदूत, विशेषतः हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित भागात, कॉर्टिसॉलचे दोन ग्राही असतात (रिसेप्टरला हा शब्द मला फार आवडतो, ग्रहण करणारा तो ग्राही). एक कॉर्टिसॉलला जवळपास दहापट घट्ट धरतो त्यामुळे एरवीही बराचसा भरलेला असतो, दुसरा पातळी खूप वाढली की भरतो, आणि आठवण्यात अडथळा येतो तो मुख्यतः या दुसऱ्यामुळे. 2000 साली माणसांनाही कॉर्टिसोनची गोळी (शरीरात तिचं कॉर्टिसॉल होतं) देऊन पाहिलं. आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवायच्या तासभर आधी गोळी घेतली तर कमी आठवले, पाठ करण्याआधी किंवा लगेच नंतर घेतली तर फरक नाही.

प्रतिसाद: शब्दाचं म्हणाल तर 'तंतरणे' भीतीचं, 'बोबडी वळणे' जिभेचं, 'काही सुचेनासं होणे' नवीन काही सुचण्याबद्दल. आठवणीचं यात एकही नाही. जुना 'आठव' घेऊन 'आठव अडला' म्हणता येईल का? अडलेलं पाणी मागे असतंच की.

प्रतिसाद: पण 'विसरणे' वर अन्याय होतोय हां. 'बसमध्ये छत्री विसरले' म्हणतो तेव्हा छत्री नाहीशी झालेली नसते, बसमध्येच असते, आपण तिच्याजवळ नसतो. भाचीचंही तेच झालं, मग ती बरोबरच बोलली की!

धागाकर्ती: छत्री मान्य, हे डोक्यातच आलं नव्हतं. तरी भाचीला मी 'आठव अडला' शिकवणार, कारण 'विसरले' म्हटलं की समोरच्याला 'अभ्यास केला नव्हता' असंच ऐकू येतं, आणि तिने दोन महिने रात्री अकरापर्यंत केला होता. विदर्भात, कोकणात याला काही वेगळं म्हणत असतील तर नक्की लिहा.