मांडी-पोटरीचा ताठरपणा: सीमाभागातल्या खेळाडूंचे अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी. भरतीसाठी पळणारी पोरं असोत, तालमीतले पैलवान असोत की कबड्डी-खोखोच्या मुली, एक तक्रार सगळीकडं ऐकू येते: मांडीची मागची शीर ओढते, पोटरी कडक होते. तुम्हाला कशानं फरक पडला ते सविस्तर लिहा. कुठला स्नायू, ताण किती वेळ धरला, सरावाआधी की नंतर, हे सांगितलंत तर दुसऱ्याला करून बघता येईल.

खानापूरचा पळणारा
१६०० मीटरची तयारी करतोय. जांबोटी रस्त्याला थंडीत बाहेर पडायचं आणि कठड्यावर पाय टाकून वाकायचं, ही आमच्यातली जुनी पद्धत. मराठा लाइट इन्फंट्रीतनं निवृत्त झालेले एक सुभेदार सराव घेतात, त्यांनी ती बंद केली. थंड स्नायू मिनिटभराहून जास्त ओढून धरला की लगेचच्या उडीला आणि वेगाला जोर थोडा कमीच मिळतो. आता आधी हळू पळणं, मग पाय पुढं-मागं झुलवणं, गुडघे उचलत चालणं. ताण धरायचा तो पळून आल्यावर, अंग गरम असताना, प्रत्येक बाजूला ३० सेकंद. ९ फुटांच्या खड्ड्यावरची उडी तेव्हापासून मोकळी पडते.

निपाणीची कबड्डीवाली
आमच्या घरी आई बिड्या वळते, सुट्टीत मीही बसते. तासन्तास मांडी घालून बसल्यावर कमरेच्या पुढचा, मांडी वर उचलणारा स्नायू आखडूनच राहतो. चढाईत बोनससाठी पाय लांबवताना तो अडायचा आणि मी मात्र रोज मांडीची मागची बाजूच ओढत होते. आमच्या प्रशिक्षक ताईंनी एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढं, असं बसवलं. मागच्या पायाच्या बाजूचा कुल्ला आवळायचा, कंबर आत घ्यायची, पुढं झुकायचं थोडंच. कंबरेत बाक काढून पुढं गेलात तर ताण त्या स्नायूला लागतच नाही.

पोटरीचंही सांगते. तिथं दोन मोठे स्नायू आहेत. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघा सरळ ठेवला तर ताणला जातो. आतल्या सोलिअससाठी गुडघा वाकवून टाच जमिनीला चिकटवायची. बहुतेक मुली पहिलाच प्रकार करून थांबतात. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच सावकाश खाली सोडणं, हे तर मी कुणालाही सांगेन. ओढही बसते आणि ताकदही येते.

यळ्ळूरचा पैलवान
बैठका मारून मांडी पुढनं भरते, मागची बाजू तशीच राहते. मग पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढायला, वाकलं की तीच ओढते. जोर मारताना कंबर वर असते तेव्हा टाचा खाली दाबा, पाठ लांब करा, पायाची मागची बाजू चांगली ताणतीय बघा. वस्ताद म्हणतात आकडा वाढवू नका, जोर सावकाश मारा. मी तसंच केलो, वाकणं सोपं झालं. मालिशनं मोकळं वाटतंय खरं, पण तेवढ्यापुरतंच.

बेळगाव कॅम्पातला फुटबॉलवाला
मी नियमित ताण देतो, तरी उजव्या पायाची ओढ जात नाही. वाकलो की पावलापर्यंत मुंग्या येतात. अजून जोर लावू का?

फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी
दादा, जोर लावू नका. खुर्चीत पोक काढून बसा, गुडघा सरळ करा आणि ओढ जाणवेल तिथं थांबा. आता फक्त मान वर करा. ओढ कमी झाली तर नस संवेदनशील झालेली असू शकते, कारण मान हलवल्यानं मांडीच्या स्नायूची लांबी बदलत नाही. मुंग्या येणाऱ्या पायाला ओढून धरलं तर त्रास वाढतो. कंबर तपासून घ्या. पाय बधिर झाला, पाऊल उचलेना किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकीच्यांसाठी: ताणानं वाकणं वाढतं, त्यात मोठा वाटा ओढ सहन करायची सवय होण्याचा असतो. स्नायू लांब असताना त्याला ताकद हवी. गुडघ्यांवर उभे राहा, जोडीदारानं घोटे दाबून धरावेत, कंबर न मोडता सावकाश पुढं झुका, शेवटी हात टेका. याला नॉर्डिक म्हणतात. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत हा व्यायाम करणाऱ्या संघांत मांडीच्या मागच्या दुखापती जवळपास निम्म्या झालेल्या दिसल्या.

खानापूरचा पळणारा
नॉर्डिक आमच्या गटात चालू आहे. सुरुवातीला दोन सेट, प्रत्येकी चार-पाच वेळाच करा. दुसऱ्या दिवशी मांडी भरून येते, जिना उतरवत नाही. म्हणून भरतीच्या आठवड्यात नव्यानं सुरू करू नका, दोन-अडीच महिने आधी धरा.