ओटी (ओव्हरटाइम) नेहमी त्याच चौघांना: वाटपाची पद्धत काय ठेवावी?

कुपवाडकर७: कुपवाड एमआयडीसीतलं मशीन शॉप. १४ ऑपरेटर, तीन शिफ्ट, पाळी आठवड्याला बदलते. ओटी ठरावीक चौघांनाच जातो, कारण तेच थांबतात आणि माल रिजेक्ट करत नाहीत. बाकीचे म्हणतात, "ती साहेबाची माणसं." सगळ्यांना सारखा वाटायला गेलं की शनिवारचं डिस्पॅच बोंबलतं. यात्रांच्या रजांचीही तीच रड. सुपरवायझरने करावं काय?

मिरजफिटर: ओटीला दर दुप्पट, म्हणजे चार तास थांबला की एका अख्ख्या हजेरीचे पैसे. मग भांडण होणारच की.

वहीत नावापुढे दोन रकाने आखा: 'विचारलेले तास' आणि 'थांबलेले तास'. वाटप करताना बघायचा तो पहिला रकाना. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी, त्याला आधी विचारायचं. नाही म्हणाला तरी ते तास 'विचारलेले'मध्ये चढवायचे आणि पुढच्याकडे जायचं. नुसते थांबलेले तास धरले, तर रोज नाही म्हणणारा कायम पहिल्या नंबरवर राहतो आणि तुम्ही रोज त्याच्याच मागे.

यात दोन ठिकाणी गाडी अडते. एक म्हणजे विचारायची वेळ. शिफ्ट सुटायला दहा मिनिटं असताना विचारलं, तर शेवटची एसटी धरणारा नाहीच म्हणणार, आणि वहीत नकार त्याच्या नावावर. जेवणाच्या सुट्टीआधी विचारा. त्यानंतर विचारलं तर नकार मोजू नका. दुसरं म्हणजे महिना संपला की आकडे शून्यावर आणायचा मोह. त्यात मागे राहिलेल्याची थकबाकीच बुडते. आकडे पुढे ओढा.

तक्ता पंचिंग मशीनशेजारी लावा, ड्रॉवरमध्ये नको.

ऑफसेट_पलूस: तक्ता ठीक आहे, पण "तेच चौघं नीट करतात" हे मुळातलं दुखणं. ऑफसेट टाकणं (हत्याराच्या मापातला फरक मशीनला देणं), इन्सर्ट (हत्याराची कापणारी टिकली) बदलून पहिला पीस पास करून घेणं हे चौघांनाच येत असेल, तर कुठल्याही तक्त्याने ओटी त्यांच्याकडेच जाणार. आठवड्याला एका ऑपरेटरला दिवसपाळीत त्यांच्याजवळ उभा करा.

आणि मशीन? जुनं मशीन एकाच्याच गळ्यात आणि टार्गेट मात्र सगळ्यांना एकच, असं तर नाही ना? ४८० मिनिटांतून जेवण-चहाची ५० गेली, राहिली ४३०. नव्या मशीनवर लोडिंग धरून पीसला २८० सेकंद लागत असतील तर ९२ पीस निघतात. जुन्यावर ३२० लागले तर ८०. तिथेही ९२ मागितले, तर तो एकतर गेजिंग (माप तपासणं) टाळतो नाहीतर फीड (हत्यार सरकायचा वेग) वाढवतो, आणि तुम्ही म्हणता हा माल बिघडवतो. टार्गेट मशीनवार लावा, इन्सर्ट बदलायचा वेळ त्यातून वजा करा.

हरिपूररोड: रजेबद्दल. 'आधी अर्ज त्याला रजा' हे दिसतं सरळ, पण जवळ राहणारा जानेवारीतच दिवाळी लिहून ठेवतो. इथे गावागणिक दिवस वेगळा: तासगावकराला चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी रथ, शिराळ्याच्याला नागपंचमी. प्रत्येकाला वर्षात एक 'गावचा दिवस' निवडू द्या, तो शक्यतो मोडायचा नाही. दिवाळीसाठी शिफ्टमागे किती जण सुटू शकतात ते आधी जाहीर करा. गेल्या वर्षी ज्याला मिळाली नाही त्याचा नंबर आधी.

पुराचा नियम पावसाळ्याआधीच लिहा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की नदीकाठचे, सांगलीवाडीचे घरी सुटतील, त्यांची पाळी लांबचे धरतील. ऐनवेळी ठरवलं की ज्याचा फोन आधी लागला तो सुटतो.

कुपवाडकर७: बरंच उमगलं. एक राहिलं: मालकांचा भाचा त्यातच ऑपरेटर आहे. उशिरा येतो, कुणी बोलत नाही.

मिरजफिटर: मग तक्ता लावायच्या आधी मालकांकडे जा, नंतर नको. आधी गेलात तर नियम विचारताय, नंतर गेलात तर भाच्याची तक्रार घेऊन आलाय असं होतं. उशिराची मुभा किती मिनिटांची आणि महिन्यात किती वेळा, एवढंच कागदावर घ्या आणि खाली त्यांची सही. तो पहिल्यांदा मर्यादा ओलांडेल, तेव्हा कारण आधी विचारा आणि मगच लेट मार्क टाका. बाकीच्यांना विचारता तसंच. मालक नाहीच म्हणाले, तर उशिराचा नियम तक्त्यावर लिहूच नका. ओटीचा तेवढा चालवा.