कॅरिंग कपॅसिटी: वहनक्षमता की धारणक्षमता?

शाल्मली: प्राण्यांच्या संख्यावाढीवर मराठीत टिपण लिहिते आहे. एखाद्या अधिवासात एका जातीचे जास्तीत जास्त किती प्राणी तगून राहू शकतात, ती 'कॅरिंग कपॅसिटी'. कुठे 'वहनक्षमता' वाचते, कुठे 'धारणक्षमता'. काय घ्यावं? आणि 'लॉजिस्टिक वाढ'ला 'तार्किक वाढ' चालेल?

जुना मास्तर: 'तार्किक' नको हो! तर्काचा इथे काय संबंध? बेल्जियमचे गणितज्ञ व्हेरहुल्स्ट यांनी या वाढीचं समीकरण मांडलं १८३८ मध्ये, त्याच्या वक्राला 'लॉजिस्टिक' म्हटलं १८४५ मध्ये, आणि हेच नाव का ते सांगितलंच नाही. तसंच ठेवा. संख्या थोडी असताना वाढ धीमी, कमाल संख्येच्या निम्म्यावर सर्वांत वेगवान, मग पुन्हा मंद, एवढं लिहिलं की वाचकाला कळतं.

रानभुल्या: 'वहन' म्हटलं की मला ट्रक दिसतो. माझं मत धारणक्षमतेला. फक्त तो टाकीसारखा पक्का आकडा वाटू नये. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी नव्हते. १९६३ पर्यंत कळप सुमारे ६,००० वर गेला. हिवाळ्यातला त्यांचा आधार म्हणजे दगडफूल (आपल्या मसाल्यातल्याचं भावंड), तेच खाऊन फस्त केलं. पुढचा हिवाळा कडक निघाला. १९६६ मध्ये उरले ४२, त्यांत एक सोडून सगळ्या माद्या. म्हणजे बेटाची धारणक्षमताच घसरली होती! व्हेरहुल्स्टच्या समीकरणात मात्र ती स्थिर धरलेली असते. हे टिपणात येऊ द्या.

शाल्मली: घालते. दोन जाती एकाच अन्नावर जगतात तिथे मी 'संघर्ष' लिहिलंय.

जुना मास्तर: काढा तो. रशियन जीवशास्त्रज्ञ गाउझे यांचे १९३४ मध्ये छापलेले प्रयोग बघा. पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या ऑरेलिया आणि कॉडेटम या जाती वेगवेगळ्या ठेवल्या तर दोन्ही छान वाढल्या. एकत्र ठेवल्यावर कॉडेटम नाहीशी झाली. कोणी कोणाच्या अंगावर गेलं नाही, त्यांचं अन्न असलेले जिवाणू तेवढे अपुरे पडले. कॉडेटमबरोबर बर्सारिया ही तिसरी जात ठेवली तेव्हा दोघी टिकल्या, कारण बर्सारिया नळीच्या तळाशी खात होती. दोन जातींच्या स्पर्धेची लोट्का-व्होल्टेरा समीकरणं आहेत, त्यांचंही तेच म्हणणं: परक्या जातीपेक्षा स्वजातीचाच त्रास जास्त होत असेल, तर दोघी नांदतात. म्हणून 'स्पर्धा'.

रानभुल्या: 'चढाओढ' का नको? बोलीतला आहे.

जुना मास्तर: वर्णनात खुशाल वापरा. पण समीकरणात एका जातीचा दुसरीला किती त्रास होतो ते सांगणारा 'स्पर्धागुणांक' लागतो, तिथे 'चढाओढगुणांक' कोण म्हणणार?