अनुभव धागा: नारळ फुटल्यानंतरचा डिजिटल वर्ग

खानदेशात कितीतरी शाळांत टीव्ही, टॅब, प्रोजेक्टर येऊन पडलेत. उद्घाटनाचा फोटो निघतो, पुढचं कोणी विचारत नाही. इथे ते पुढचं लिहा, वर टोपणनाव आणि कंसात ठिकाण. काय वापरता, किती लागतं, कुठे अडतं आणि का. ‘मुलांना खूप आवडलं’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

तापीकाठ (यावल)

आधी विजेचा हिशोब. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून धरायचे ९००. इन्व्हर्टर त्यातला पाचवा हिस्सा खातो. हातात उरले साधारण ७००. ४३ इंची एलईडी टीव्ही १०० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे सात तास, अख्खी शाळा निघते. ३०० वॅटचा प्रोजेक्टर सव्वादोन तासांत बॅटरी बसवतो. शिवाय दिव्याच्या प्रोजेक्टरची लाईट मध्येच गेली तर आतला पंखा थांबतो, दिवा मात्र तापलेलाच राहतो आणि लवकर मरतो. तो थेट बोर्डावर लावूच नका, इन्व्हर्टरवरच ठेवा.

बॅटरीचं पाणी उन्हाळ्यात दर १५ दिवसांनी बघायचं. डिस्टिल्ड वॉटरच टाका. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात.

टॅबचं दुखणं मे महिन्याचं. बाहेर ४४-४५ अंश, वर पत्रा, आत लोखंडी कपाट, त्यात १०० टक्के चार्ज केलेले टॅब. जूनमध्ये कपाट उघडावं तर बॅटऱ्या फुगून काचा उचललेल्या. सुटीआधी ५० टक्क्यांवर आणून बंद करा, स्लॅबच्या नाहीतर धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) खोलीत ठेवा आणि महिन्यातून एकदा बघून या. फुगलेला टॅब चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा तर अजिबातच नाही.

शेवटचा बाक (धरणगाव)

टीव्ही केवढाही घ्या, अक्षर मोजून ठेवा. सोपा आडाखा: शेवटच्या बाकाचं अंतर भागिले २००. बाक ६ मीटरवर असेल तर अक्षराची उंची ३ सेंटीमीटर हवी. ४३ इंची पडद्याची उंची जेमतेम ५३ सेंटीमीटर, आणि आपल्या लिपीला वर वेलांटी, खाली उकार. ओळींमधली जागा धरली की ८ ओळींवर गाडी थांबते. पाठ्यपुस्तकाचं पूर्ण पान पडद्यावर टाकणं म्हणजे मागच्या दोन रांगांना सुटी देणं. परीक्षा अशी: पडद्यावर ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहा, शेवटच्या बाकावर जाऊन बसा. फरक दिसला नाही तर अक्षर मोठं करा. टीव्ही खिडकीसमोर नको, खिडकीच्या भिंतीला काटकोनात हवा. नाहीतर पडद्यात बाहेरचा निंबच दिसत राहतो.

पेनड्राइव्ह (साक्री)

पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ लावताना ‘फाईल सपोर्ट होत नाही’ असं आलं की टीव्हीला शिव्या घालू नका. तो बहुतेकदा एच २६५ या नव्या पद्धतीने दाबून लहान केलेला व्हिडिओ असतो, जुन्या टीव्हीला कळत नाही. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन जुन्या पद्धतीत, म्हणजे एच २६४, एमपी४ करा. ७२० पिक्सेल पुरे.

जोडणी (पारोळा)

नेट वर्गात येणार नाही असं धरूनच तयारी. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड घासला गेला असेल तर त्याच्याखाली सहा अक्षरी कोड असतो, तो दीक्षा या सरकारी अभ्यास-ॲपमध्ये टाईप करा. घरी डाउनलोड केलेला मजकूर ॲपमधून फाईल काढून दुसऱ्या फोनला देता येतो, प्रत्येकाने डेटा जाळायची गरज नाही.

विज्ञानासाठी फेट, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग, कोलोरॅडो विद्यापीठाचे. मराठीतही आहेत. एकेक प्रयोग वेगळी फाईल म्हणून उतरवता येतो, मग ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतो. विद्युत परिपथाचा घ्या. एकसरीत दोन बल्ब जोडा आणि थांबा. ‘एक काढला तर दुसऱ्याचं काय?’ याचं उत्तर आधी वहीत लिहून घ्या, मगच काढा. आधी दाखवलं तर सगळेच ‘मला माहीत होतं’ म्हणतात. नंतर तेच टॉर्चचे बल्ब आणि दीड व्होल्टचे दोन सेल घेऊन हातात द्या. शॉर्ट सर्किट तेवढं पडद्यावरच. तिथे सेलवर ज्वाळा दिसतात, नुकसान शून्य.

खडू-डस्टर (शहादा)

भाऊ, लॅपटॉपवर कोलिब्री (नेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, पण २० टॅबपैकी ८ च जोडले जातात.

जोडणी (पारोळा)

विंडोजच्या हॉटस्पॉटची मर्यादाच ८ आहे. साधा वायफाय राऊटर घ्या, लॅपटॉप त्याला वायरीने जोडा. नेट नसलं तरी चालतं. फायरवॉलमध्ये कोलिब्रीला परवानगी द्यायला विसरू नका, निम्मं घोडं तिथेच अडतं. एका टॅबवर दोन मुलं बसवा. व्हिडिओ सगळ्यांनी एकदम लावला तर गोल फिरत बसेल.

चौथी ब (अमळनेर)

मुलांकडे काहीच नसेल तर प्लिकर्स, कार्डं दाखवून उत्तरं घ्यायचं ॲप. नेट असलेला शिक्षकाचा एकच फोन आणि ४० छापील कार्डं. जी बाजू वर धरली ते उत्तर, फोनचा कॅमेरा वर्गभर फिरवला की मोजणी झाली. कार्डावरची अक्षरं बारीक असल्याने शेजाऱ्याचं बघून फिरवता येत नाही. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेरा आंधळा होतो. जाड कागद बरा. बोटं काळ्या चौकटीवर आली तरी वाचत नाही, कडेला धरायला शिकवा.

सातपुडा (अक्राणी)

पहिली-दुसरीची मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात. तयार मराठी व्हिडिओ त्यांच्यासाठी नुसती हलती चित्रं. त्यापेक्षा गावातल्या आजीच्या आवाजात ४०-५० सेकंदांचे तुकडे करा: वस्तूचं नाव आधी घरच्या बोलीत, तीन सेकंद शांतता, मग मराठीत. ती शांतता कापू नका, मूल तिथेच बोलतं. पत्र्याखाली आवाज घुमतो, म्हणून दोन बाजूंना गोधड्या टांगून पंखा बंद ठेवायचा. मोनो, ६४ केबीपीएसचं एमपी३ केलं की मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा लागत नाही. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या घरांना मेमरी कार्डात भरून देता येतं. व्हॉइस टायपिंगच्या भरवशावर राहू नका. मराठी निवडलेलं असलं की ते अहिराणीसुद्धा ओढूनताणून मराठी करतं, पावरीची तर बातच नको.

खडू-डस्टर (शहादा)

गूगल फॉर्ममध्ये बरोबर उत्तराला शून्य गुण पडतात, कोणाला कारण माहीत आहे का?

चौथी ब (अमळनेर)

मुलाने देवनागरीत १२ लिहिलं, तुमच्या उत्तरसूचीत इंग्रजी आकडा आहे. फॉर्मला ती दोन वेगळी उत्तरं वाटतात. सूचीत दोन्ही घाला. एक्सेललाही देवनागरी अंक मजकूर वाटतो, बेरीज शून्य येते. गुणांच्या रकान्यात कीबोर्ड इंग्रजीवर ठेवूनच भरा.