मदत हवी आहे: भाडेकरूकडून बेसमेंट परत हवंय (ब्रॅम्प्टन, ओंटारियो, कॅनडा)

सेमी_डिटॅच्ड

नमस्कार मंडळी,

ओंटारियोत घर भाड्याने दिलेल्यांचा सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहितो, अर्धवट माहितीवर अर्धवटच उत्तरं मिळतात.

ब्रॅम्प्टनला आमचं घर आहे. वर आम्ही, बेसमेंट भाड्याने. त्याला वेगळं दार, वेगळं स्वयंपाकघर, वेगळं बाथरूम. शहराकडे रीतसर नोंदवलेलं आहे. भाडेकरू नवरा-बायको आणि तिसरीतली मुलगी. माणसं चांगली, 1,650 डॉलर भाडं एक तारखेला न मागता येतं. ऑगस्ट 2023 मध्ये वर्षाचा करार केला होता, तो जुलै 2024 अखेर संपला. पुढे नवा करार केलेला नाही.

आता जुलैत सासू-सासरे साताऱ्याहून सुपर व्हिसावर (आईवडील, आजी-आजोबांना जास्त काळ राहता येणारा व्हिसा) येत आहेत. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. वर जागा पुरणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी बेसमेंट मोकळं करायचं आहे. जानेवारीत भाडेकरूला व्हॉट्सअ‍ॅप केलं की एप्रिलअखेर खाली करा. तो शांतपणे म्हणाला, "कायद्याने नोटीस द्या, मग बघू. मुलीची शाळा चालू आहे." भांडण अजिबात नाही, पण मी चक्रावलो. पुण्यातला आमचा फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर असतो. अकरा महिने संपले की एक तर नवा करार, नाही तर किल्ली परत. इथे करार संपून दीड वर्ष झालं तरी घर माझं नाही?

सासू-सासरे सहा-सात महिने राहतील, थंडी वाढली की परत जातील. मग पुन्हा भाड्याने द्यायचा विचार आहे. कुठली नोटीस, किती दिवसांची, आणि वकील लागेल का?

ओक_पान

आधी तो लीव्ह अँड लायसन्स डोक्यातून काढा. तिकडे लायसन्सची मुदत संपली की राहण्याचा हक्क संपतो. इथे 2006 चा रेसिडेन्शियल टेनन्सीज अ‍ॅक्ट आहे. त्यात वर्षाचा करार संपला की भाडेकरू आपोआप महिन्या-महिन्याचा होतो, जुन्याच अटींवर. करार संपणं हे घर खाली करायचं कारणच नाही. कारण कायद्यात लिहिलेलं असावं लागतं आणि ते ठरलेल्या फॉर्मवर द्यावं लागतं.

तुमचा फॉर्म एन-12, म्हणजे मालकाला स्वतःला किंवा जवळच्या माणसाला राहायला जागा हवी. जवळचं म्हणजे मालक, नवरा किंवा बायको, दोघांची मुलं, दोघांचे आईवडील, शिवाय यांच्यापैकी कोणाची काळजी घेणारी व्यक्ती. सासू-सासरे बसतात. भाऊ-बहीण बसत नाहीत, हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना नोटीस देऊन झाल्यावर कळतं.

मुदत किमान 60 दिवस, आणि शेवटची तारीख भाड्याच्या महिन्याचा शेवटचा दिवस हवी. म्हणजे 10 मार्चला नोटीस दिलीत तर साठ दिवस 9 मे रोजी भरतात, पण तारीख पडते 31 मे. त्या तारखेच्या आत एका महिन्याचं भाडं भरपाई म्हणून भाडेकरूला द्यायचं.

आणि व्हॉट्सअ‍ॅप ही नोटीस नव्हे. हातात द्या, मेलबॉक्समध्ये टाका किंवा दाराखालून सरकवा. पोस्टाने पाठवलीत तर पाच दिवस जास्तीचे धरा. दारावर चिकटवलेली चालत नाही.

सातारी_तडका

ओक_पान यांना अनुमोदन. पण तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मला धडकी भरली. "सहा-सात महिने राहतील, मग पुन्हा भाड्याने"! अहो, एन-12 ची अटच अशी की त्या माणसाचा तिथे किमान एक वर्ष राहायचा खरा इरादा हवा. राहणाऱ्याने तसं शपथपत्र करून द्यायचं असतं. सासूबाई काय लिहून देणार?

भाडेकरू गेल्यानंतर वर्षाच्या आत तुम्ही जागेची भाड्याची जाहिरात केलीत, दुसऱ्याला दिलीत किंवा घर विकायला काढलंत, तर कायदा गृहीतच धरतो की नोटीस खोटी होती. खरी होती हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. भाडेकरूला बाहेर पडल्यापासून वर्षभरात टी-5 अर्ज (खोट्या नोटिशीची तक्रार) करता येतो. बोर्ड (लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्ड, मालक-भाडेकरू वाद बघणारं) त्याला 12 महिन्यांच्या भाड्यापर्यंत रक्कम देऊ शकतं, तुमच्या बाबतीत 19,800 डॉलर. नव्या घराच्या भाड्यातला फरक आणि सामान हलवायचा खर्च वेगळा. दंडाची कमाल मर्यादा व्यक्तीसाठी 1 लाख डॉलर आहे. जाहिरात टाकली की जुने भाडेकरू स्क्रीनशॉट काढून ठेवतात, हे माझ्याच गल्लीत पाहिलंय.

भाडेकरू_टोरोंटो

मी पलीकडच्या बाजूची. मलाही एन-12 मिळाली होती, "मुलगी राहायला येणार" म्हणून. तीन महिन्यांनी तेच घर नव्या फोटोंसकट ऑनलाइन. तक्रार केली, पुढचं लिहीत नाही.

धागाकर्त्याचा हेतू वाईट वाटत नाही. पण तुमचा भाडेकरू अडवून बसलेला नाही, हे लक्षात घ्या. नोटीस मिळाली तरी त्याला निघायची सक्ती नसते. तो थांबला तर तुम्ही बोर्डाकडे एल-2 अर्ज (घर खाली करून मागण्याचा) करायचा, सुनावणी व्हायची, आदेश निघायचा, आणि तो न मानल्यास शेरीफ (कोर्टाचा अधिकारी) येऊन घर रिकामं करणार. कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं हे गुन्हे आहेत. बोर्डाच्या दिरंगाईवर ओंटारियोच्या ओम्बड्समनने (सरकारी कारभाराच्या तक्रारी तपासणारा अधिकारी) 2023 मध्ये अख्खा अहवाल काढला, तेव्हा 38,000 च्या वर अर्ज तुंबलेले होते. जुलैचं तिकीट काढलं असेल तर हे आधी विचारात घ्या.

खडूसकाका

एक साधा प्रश्न. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेल्या बाईंना तुम्ही बेसमेंटमध्ये ठेवणार? पायऱ्या किती आहेत? सुनावणीत बोर्डाचा मेंबर पहिला प्रश्न हाच विचारेल. भाडेकरूचा पॅरालीगल (वकील नसलेला, पण परवाना असलेला कायदेशीर प्रतिनिधी) विचारेल तो वेगळाच.

सेमी_डिटॅच्ड

सगळ्यांचे आभार. काका, पायऱ्या तेरा आहेत, आणि कठडा एकाच बाजूला. बायकोही हेच म्हणत होती.

खरं तर घरात दुसरीही चर्चा चालू आहे. तळमजल्यावर एक खोली आहे, मूळची डायनिंग रूम, दार बसवून मुलाला दिलेली. बाथरूम लागूनच. मुलगा एकोणीसचा, शेरिडन कॉलेजला जातो, घरूनच. त्याला केव्हापासून खाली राहायचंय (रात्री दोनला पास्ता करता यावा म्हणून, असा माझा संशय आहे). तो खाली गेला तर आजी-आजोबा तळमजल्यावर राहतील. पण ते परत गेल्यावर काय? मुलगा खालीच राहील, कॉलेजची अजून दोन वर्षं आहेत. अशी एन-12 चालते का?

ओक_पान

हे जर खरोखर तसंच होणार असेल तर तुमची बाजू कितीतरी भक्कम आहे. मालकाचा मुलगा यादीत आहेच. नोटिशीत मुलासाठीची चौकट, शपथपत्र मुलाचं, सुनावणीला बोलणारही तोच. सासू-सासरे डिसेंबरला गेले तरी फरक पडत नाही, कारण राहणारा तो आहे. फक्त "कागदावर मुलगा, प्रत्यक्षात पाहुण्यांची खोली" असं करू नका. त्याचा पलंग, त्याचा पत्ता, सगळं खाली गेलं पाहिजे. वर्षभर एअरबीएनबीही नाही.

एल-2 नोटीस दिल्यावर लगेच करता येतो, मुदत संपायची वाट बघावी लागत नाही. ऑनलाइन 186 डॉलर फी. सुनावणीही ऑनलाइनच असते. वकील लागतोच असं नाही, लॉ सोसायटीचा परवाना असलेला पॅरालीगल बोर्डापुढे उभा राहू शकतो आणि स्वस्त पडतो. नोटीस भरताना मात्र त्याला एकदा दाखवाच. नाव, पत्ता, तारीख यात चूक निघाली तर महिनोन्महिने थांबून अर्ज बाद होतो. पत्त्यात "बेसमेंट युनिट" लिहायला विसरणारे कमी नाहीत.

सातारी_तडका

आणखी एक. 2025 च्या नोव्हेंबरात ओंटारियोत बिल 60 हा कायदा मंजूर झाला. त्यात अशी तरतूद आहे की एन-12 ची मुदत किमान 120 दिवसांची दिली तर महिन्याच्या भाड्याची भरपाई द्यावी लागणार नाही. तुम्ही 1 मार्चच्या आत नोटीस दिलीत तर 30 जूनपर्यंत 120 दिवस भरतात. मंजूर होणं आणि लागू होणं इथे वेगळं असतं, त्यामुळे नोटीस द्यायच्या दिवशी बोर्डाच्या संकेतस्थळावर तपासा. माझं मत विचाराल तर 1,650 डॉलरसाठी इतका हिशेब करू नका. वेळेवर भाडं देणाऱ्या माणसाला घर शोधायला पैसे लागतातच.

भाडेकरू_टोरोंटो

30 जून म्हणजे शाळाही संपलेली असेल. ही तारीख घेऊन तुम्ही त्याच्याशी बोलला आहात का? त्याची अडचण तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितली होती.

सेमी_डिटॅच्ड

काल रात्री खाली जाऊन बसलो. चहा झाला. 30 जून त्याला चालेल. म्हणाला, त्याआधी घर मिळालं तर लवकर जाऊ दे, आणि मालक म्हणून संदर्भपत्र लिहून दे. दोन्ही कबूल केलं. आता प्रश्न असा की दोघंही राजी असताना एन-12 द्यायची की एन-11 वर सह्या करायच्या?

ओक_पान

एन-11 म्हणजे दोघांच्या संमतीने करार संपवणं. त्यात कारण लागत नाही, कायद्याने भरपाई बंधनकारक नाही, आणि तो ठरल्या दिवशी गेला नाही तर बोर्डाकडे अर्ज सोपा असतो. पण दबाव टाकून सही घेतली असं दिसलं तर बोर्ड ती उडवू शकतं, म्हणून त्याला कागद घरी नेऊ द्या, दोन दिवस विचार करू द्या. पैसे देणार असाल तर रक्कम आणि तारीख त्याच कागदासोबत लेखी हवी. एन-12 दिलीत तर त्याला लवकर जायला 10 दिवसांची लेखी सूचना पुरते, भरपाईचा हक्क तसाच राहतो. त्याच्यासाठी ते जास्त सुरक्षित आहे, तुमचं काही बिघडत नाही. मी असतो तर एन-12 दिली असती.

खडूसकाका

सुरुवातीला शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेतलं असेल ना? ते जूनच्या भाड्यात वळवा. भरपाई त्याहून वेगळी, दोन्ही एकच समजू नका. त्या ठेवीवर दरवर्षी व्याज द्यायचं असतं, ते 2023 पासून दिलंय का तेवढं बघा.

सेमी_डिटॅच्ड

व्याज?

खडूसकाका

हो. त्या-त्या वर्षीच्या भाडेवाढीच्या सरकारी दराने. 2024 आणि 2025 ला 2.5 टक्के, 2026 ला 2.1. तुमच्याकडून वर्षाला चाळीस डॉलरच्या आसपास निघतील. नोटीस द्यायच्या आधी देऊन टाका आणि पावती घ्या.

सेमी_डिटॅच्ड

आजच देतो. फॉर्म भरून झाला की पॅरालीगलला दाखवणार आहे, त्याने काही वेगळं सांगितलं तर इथेच लिहितो.